बहिरोपंतांनीं मुलाखतींत जीभ आवरली त्याची हकीकत

श्री. ज्याचे कान सुपाएवढे आणि मुख सोंडेआड, म्हणजे ऐकावें बहुत आणि बोलावें बेतानें हें ज्याचे मूर्तींतच लिहिलें आहे, त्या गजाननास वंदन करोन, जें कानीं आलें तें कागदीं उतरलें आहे. शके सोळाशें एकावन्न, सौम्य नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, वार लिहिणाराचे स्मरणांत नाहीं. ते समयीं त्या राज्याचे वृद्ध चिटणीस, जे दरबारचीं सर्व पत्रें लिहीत, ते हातीं लेखणी असतांच कैलासवासी जाहले आणि पत्र अर्धें राहिलें. मग तीन दिवस सुतक पाळोन चवथे दिवशीं दवंडी पिटली कीं, जो कोणी अक्षरानें सुंदर आणि बोलण्याचालण्यांत मर्यादशील असेल त्यानें दरबारीं मुलाखतीस यावें, ज्याची निवड होईल त्यास चिटणिशी मिळेल. दवंडी पेठेंत आली तेव्हां बहिरो अनंत ऊर्फ बहिरोपंत आपले ओसरीवर बसोन होते, आणि दवंडीवाला 'मुलाखत' या शब्दांत 'ख'चे जागीं 'क' म्हणतो हें ऐकोन ते उठले, खालीं गेले, त्यास थांबविलें आणि तीन वेळां बरोबर म्हणवोन घेतलें, आणि मगच त्यांस उमगलें कीं ही आपले उपयोगाची बातमी आहे.

हेच पंतांचें दुखणें होतें. वय चव्वेचाळीस, अक्षर ऐसें कीं पाहणारानें कागद मस्तकीं लावावा, स्मरण ऐसें कीं वीस वर्षांमागील पत्राचा मायना तोंडपाठ, स्वभाव निर्मळ, लबाडी ठाऊक नाहीं. परंतु समोरचा मनुष्य चुकला कीं पंतांचे कानाची पाळी तांबडी होत असे, आणि पाळी तांबडी जाहली कीं तोंड उघडत असे, मग समोर भट असो कीं भूपती. शेजारचे राज्यीं एका थोर सरदारांपाशीं त्यांणीं अकरा वर्षें चाकरी केली. तेथें एके दिवशीं भर दरबारांत सरदार मिशीवर हात फिरवोन बोलिले कीं, "त्या लढाईंत आम्हीं स्वहस्तें तीन शत्रू मारिले." सर्वांनीं माना डोलाविल्या. पंत मागील रांगेंतून उभे राहिले आणि बोलिले, "दोन, महाराज. तिसरा तापानें वारला, त्याची नोंद दप्तरीं आहे." दुसरे दिवशीं पंत सहकुटुंब सीमेबाहेर होते. त्यानंतर अकरा महिन्यांत पांच ठिकाणीं मुलाखती जाहल्या. एके ठिकाणीं कारभाऱ्यांनीं म्हण उलटी म्हटली ती पंतांनीं सुलटी केली. दुसरे ठिकाणीं त्यांस 'बहिरोबा' म्हटलें म्हणोन त्यांणीं आपले नांवाची व्युत्पत्ती दोन घटका सांगितली. पांचवे ठिकाणाहून तर नकाराचें पत्र आलें, त्यांत तीन चुका होत्या, त्या तांबडे शाईनें दुरुस्त करोन पंतांनीं तें पत्र उलट टपालीं परत धाडिलें.

पंतांचे कुटुंब सगुणाबाई फार शांत बाई. त्या दिवशीं त्यांणीं पंतांस पान वाढिलें, पंत जेवोन उठले, मग सुपारी हातीं देऊन बाई म्हणाल्या, "कोंकणांतून दादाचा निरोप आला आहे. म्हणतो, या, इथें राहा, घर मोठें आहे. मीं गाठोडीं बांधायला घेतलीं आहेत. इकडून ही मुलाखत दिली जावी. साधली तर गाठोडीं सोडीन, न साधली तर पौर्णिमेस निघूं." दादा मनानें देव होते, परंतु त्यांचे घरीं लहानथोर सर्व 'पाणी'ला 'पानी' म्हणत, आणि दादा स्वतः रोज संध्याकाळीं पोरांस रामायण सांगत त्यांत पांडव येत. आयुष्य तेथें काढावयाचें या विचारानें पंतांस घाम आला, आणि ते म्हणाले, "अहो, पण करूं काय? जीभ माझी ऐकत नाहीं." बाई म्हणाल्या, "मग तिला ऐकवील असा मनुष्य बोलावतें."

तो मनुष्य म्हणजे शेजारचे सुभानजी चोपदार. सुभानजी तीस वर्षें दरबारचे मुलाखतखान्याचे दारीं चांदीची काठी घेऊन उभे होते, त्या दारांतून किती उमेदवार हंसत आंत गेले आणि रडत बाहेर आले हें त्यांणीं पाहिलें होतें, आणि कोण कशानें बुडाला हें त्यांस मुखोद्गत होतें. ते आले, ओसरीवर घोंगडी टाकोन बसले आणि बोलिले, "पंत, तुमी विद्वान, म्या अडाणी. पर दाराशी उभा राहून जे दिसतं ते आत बसून दिसत न्हाई. ऐका. दोन घटका आधी यावं, पर एक प्रहर आधी येऊन लोकांच्या डोळ्यांत भरू नये. जोडे भायेर काढावं आणि सरळ ठेवावं, कारण दिवाण खिडकीतनं जोडे बघत्यात. पानाचा इडा खाऊन येऊ नये. बस म्हटल्याबिगर बसू नये, बस म्हटल्यावर पसरू नये. इचारलं तेवढं सांगावं. पुसणाराचं बोलणं पुरं हुईस्तवर तोंड उघडू नये. जुन्या धन्याला नावं ठेवू नये, जो त्याला ठेवतो तो उद्या आमाला ठेवील असं ते मनात म्हंत्यात. वेतन किती, हे पहिल्या दमात इचारू नये. आणि निघताना मुजरा करून चार पावलं उलट्या पायी यावं, मागं उंबरा हाय, तो ध्यानात ठेवावा. एक शास्त्री त्या उंबऱ्यावर पडले आणि त्यांची राजपंडिती गेली." पंतांनीं सर्व ऐकिलें आणि बोलिले, "'भायेर' नव्हे, सुभानजी, 'बाहेर'." सुभानजींनीं बाईंकडे पाहिलें. बाईंनीं कपाळास हात लाविला.

मग तालीम सुरू जाहली. सुभानजी घोंगडी पांघरोन दिवाण जाहले, पंत हात जोडोन उभे राहिले, आणि सुभानजी मुद्दाम बोलिले, "सह्याद्रीतनं गंगा निघती, हे तुमास ठावं हाय का?" पंतांचे कान तांबडे जाहले. "भीमानं द्रोणाचा आंगठा कापून घेतला." पंतांचे ओठ हालों लागले. "एका वर्साचं तेरा म्हयनं." पंत ओरडले, "तें अधिक मासीं!" आणि मग ओशाळे होऊन खालीं बसले आणि म्हणाले, "सुभानजी, मी मेलों तरी हें सुटणार नाहीं." तेव्हां सगुणाबाईंनीं उपाय सांगितला. त्या म्हणाल्या, "तोंडाशीं चूक आली कीं इकडून आवंढा गिळावा, आणि मनांत साठ संवत्सरांचीं नांवें म्हणावीं. प्रभव, विभव, शुक्ल असें क्षयापर्यंत जावें. तोंवर बोलणें पुढें गेलेलें असतें." हा उपाय करोन पाहिला तों गुण आला. गंगा सह्याद्रींतून तीन वेळां निघाली आणि पंत गप्प राहिले. सुभानजी उठतां उठतां म्हणाले, "पंत, एक सांगू? चूक काढणं म्हंजी काटा काढणं. पाय मांडीवर घेऊन काढत्यात. तुमी लाथ मारून काढता. काटा निघतो, पर मानूस लंगडतो." हें पंतांचे मनास लागलें.

नवमीस सकाळीं पंत स्नानसंध्या करोन, धुतलें उपरणें घेऊन, दोन घटका आधीं दरबारीं पोंचले. जोडे काढिले, सरळ ठेविले, शेजारचे दुसऱ्याचे वांकडे होते तेही सरळ केले, आणि बाहेरचे चौकांत जाऊन बसले. तेथें आणखी सात उमेदवार होते. चौकाचे कोपऱ्यांत एक सांडणी खोगीर घालोन बसली होती आणि सांडणीस्वार तिचेजवळ उकिडवा बसोन भाकर खात होता. पंतांनीं पुसिलें, "कोठें निघालांत?" स्वार बोलिला, "शेजारच्या राज्यात. तिथं दिवाणसाहेबांचा भाचा वकील म्हणून गेलाय. सरहद्दीवरचे तीन गाव ते लोक मागतायत, त्याला काय उत्तर द्यावं ते दिवाणसाहेबांनी स्वतः लिहिलंय. आता तुम्हां उमेदवारांकडून त्याचीच नक्कल करवून घेतायत, म्हणजे अक्षराची परीक्षा होते आणि पत्रही होतं. ज्याचं अक्षर उत्तम ती नक्कल शिक्का मारून मी नेणार." पंत म्हणाले, "बरी काटकसर आहे." स्वार हंसला आणि म्हणाला, "भाच्याला मात्र पत्र नीट पाहिजे, पंत. फार आज्ञाधारक आहे बिचारा. गेल्या साली मामांनी लिहिलं होतं, विहिरीपाशी थांबावे, लोक येतील. लोक आलेच नाहीत. हा नऊ दिवस विहिरीपाशी उभा." तोंवर एकेक उमेदवार आंत जाऊन बाहेर येत होता, आणि येणारा प्रत्येक जण बोटांवरची शाई पुसत सांगे कीं, सोपें आहे, नुसती नक्कल करावयाची. मग सुभानजींनीं काठी आपटोन ललकारी दिली, "बहिरो अनंत, हुजूर!" आणि काठीचे आडून हळूच बोलिले, "आवंढा."

आंत तिघे बसले होते. मध्यें दिवाणसाहेब, थोर बुद्धीचे, ज्यांचे शब्दास कोणी शब्द जोडीत नसे. उजवीकडे सबनीस, ज्यांचा लौकिक ऐसा कीं अक्षर दिसेल तेंच वाचावें, अर्थाचे वाटेस जाऊं नये. डावीकडे किल्लेदार, लोडास टेंकून डोळे मिटलेले. पंतांनीं मुजरा केला आणि उभे राहिले. 'बसा' म्हणतील म्हणोन वाट पाहिली, कोणी म्हटलें नाहीं, ते उभेच राहिले. दिवाणसाहेब पान लावीत होते तें लावोन जाहलें, मग बोलिले, "या राज्याचे मूळपुरुष शके पंधराशें नव्वदीं गादीवर बसले. तेव्हांपासोन येथें विद्वानांचा आदर आहे. बसा." तें साल ब्याण्णव होतें. पंतांचे कान तापले, त्यांणीं आवंढा गिळिला आणि मनांत प्रभव, विभव, शुक्ल म्हणत बैठकीचे कांठावर बसले. सबनीस म्हणाले, "गर्दी फार आहे. रामानें कंसास मारिलें तेव्हांही एवढी गर्दी नसेल." पंत बहुधान्यावरून पुनः प्रभवावर आले, आणि त्यांचे डोळ्यांस पाणी आलें, तें पाहोन दिवाणसाहेबांस वाटलें कीं मनुष्य भाविक आहे.

मग दिवाणसाहेबांनीं पुसिलें, "पहिली चाकरी कां सुटली?" पंत म्हणाले, "ते घरीं अकरा वर्षें अन्न खाल्लें. धनी उदार होते. माझे जिभेस त्यांचे दरबारचें वळण लागलें नाहीं, त्यांत दोष जिभेचा." सबनिसांनीं पुसिलें, "आपणांत उणें काय?" पंत म्हणाले, "दुसऱ्याचें उणें आधीं दिसतें, हेंच." सबनीस पुढें म्हणाले, "पांच वर्षांनंतर आपण स्वतःस कोठें पाहतां?" पंत म्हणाले, "सरकारांनीं ठेविलें तर याच दाराचे आंत, न ठेविलें तर याच दाराचे बाहेर." तेव्हां किल्लेदारांनीं एक डोळा उघडोन पुसिलें, "पोहतां येतें काय?" पंत म्हणाले, "नाहीं जी." किल्लेदार "बरें" म्हणोन पुनः निजले. ऐसी मुलाखत रंगांत आली, आणि दाराआड सुभानजींस वाटलें कीं आतां पंत तरले.

तों दिवाणसाहेबांनीं आपले हातचें पत्र पुढें सारिलें आणि आज्ञा केली, "याची नक्कल करावी. घाई आहे." पंतांनीं कागद घेतला, लेखणी बुचकळली, आणि लिहिण्यापूर्वीं रिवाजाप्रमाणें एकदां वाचिलें. पत्र ऐसें होतें, 'चिरंजीवांस आशीर्वाद. आंबेखिंड, करंजवहाळ, मोरदरी हे तीन गांव आपले वडिलार्जित. ते लोक मागतील ते देऊनये. या कामीं ताठ असावें.' आतां त्या काळीं मोडी लिहितांना शब्द सुटे करावयाची चाल नव्हती, सारी ओळ एका दमांत, मुंग्यांची रांग जैसी. दिवाणसाहेबांचे मनांत होतें 'देऊ नये'. परंतु मामा भाच्यास एकेरी लिहीत, म्हणोन तीच अक्षरें 'देऊन ये' अशींही वाचितां येत होतीं. पंतांस विहिरीपाशीं नऊ दिवस उभा राहिलेला भाचा आठवला. तो मुलगा हें पत्र वाचील, तिन्ही गांव देईल, आणि येईल. ताठ येईल.

पंतांची लेखणी थांबली. ते सीमेपार हांकलले गेले त्या दिवशीं करंजवहाळांत एका कुंभारणीनें त्यांस आणि सगुणाबाईंस ताक दिलें होतें आणि आपण कोण, कोठील, कांहीं पुसिलें नव्हतें. ती उद्यां त्या सरदाराची रयत होईल, ज्यास दोन आणि तीन यांतला भेद चालत नाहीं. पंतांनीं संवत्सरें म्हणावयास घेतलीं, तीं साठही संपलीं, आणि चूक कागदावर होती तेथेंच होती. बोलावें तर चाकरी गेली, न बोलावें तर गांव गेले. दिवाणसाहेब म्हणाले, "काय हो, अक्षर अडलें?" पंत हात जोडोन बोलिले, "आज्ञा जाहली तर एक विनंती आहे. हें पत्र एकदां हुजूरचे मुखांतून ऐकिलें तर लिहितांना बरें वळण येईल." दिवाणसाहेब प्रसन्न जाहले. त्यांणीं कागद धरिला आणि वीररसांत वाचिलें, "ते लोक मागतील ते देऊ नये!" आणि मांडीवर थाप मारिली. लिहिणारा आपलेंच लिहिलेलें वाचितो तेव्हां कागद वाचीत नाहीं, मन वाचितो. चूक सांपडली नाहीं. तोंडाशीं आलेला शब्द पंतांनीं दांतांनीं धरिला, आणि मग सबनिसांकडे वळोन बोलिले, "थोरांचें पत्र दोन मुखांतून ऐकावें ऐसें वडील सांगत. सबनीससाहेबांनींही कृपा करावी."

सबनीस भिंग लावोन पुढें सरले. त्यांणीं एकेक अक्षर बोटाखालीं दाबीत वाचिलें, "ते लोक... मागतील... ते... देऊन ये." मग भिंग उतरोन मोठे समाधानानें बोलिले, "वाहवा! गांव देऊन टाकावे आणि घरीं यावें. कटकट गेली. दिवाणसाहेब, धोरण फार उत्तम." किल्लेदार दचकोन उठले, "काय दिलें? कोणी दिलें?" आणि बाहेरचे चौकांत सांडणी रवंथ करीत होती तें दालनांत ऐकूं येऊं लागलें. दिवाणसाहेबांनीं कागद ओढोन घेतला. ओठ हालवीत एकदां वाचिलें, दुसऱ्यांदा वाचिलें. सात उमेदवारांच्या सात नकला शेजारीं पडल्या होत्या त्याही पाहिल्या, सातांतही तेंच, मोत्यासारखे अक्षरांत. विडा त्यांचे तोंडांत तैसाच राहिला. मग त्यांणीं मान वर करोन पंतांकडे पाहिलें. पंतांची नजर खालीं होती. त्यांणीं हात जोडिलेले होते आणि कान, जे या वेळीं तांबडेलाल असावयाचे, ते अगदीं साध्या रंगाचे होते.

शेवटीं दिवाणसाहेब बोलिले, "हं. ही परीक्षा होती." सबनीस तत्काळ म्हणाले, "मीं ओळखिलेंच होतें, म्हणोन तर तैसें वाचिलें." किल्लेदार म्हणाले, "आम्ही निजलों तोही परीक्षेचाच भाग." दारीं सुभानजींनींही गंभीर मान हालविली. पंतांचे जिभेवर आलें कीं, परीक्षा होती तर ती सांडणी पहांटेपासोन खोगीर घालोन कां बसली आहे? चव्वेचाळीस वर्षांत एवढी उघडी, एवढी पिकलेली चूक त्यांचे हातीं आली नव्हती. दिवाणसाहेब त्यांचे तोंडाकडे पाहत होते. ते हळू स्वरें बोलिले, "पंत, तुम्हीं जाणिलेंत ना, ही परीक्षा होती?" आतां होय म्हणावें तर असत्य, नाहीं म्हणावें तर उद्धटपणा. पंत मुजरा करोन बोलिले, "सरकार, मी परीक्षेसच आलों होतों. जें पुढें आलें तें परीक्षाच समजोन सोडविलें." दिवाणसाहेबांनीं तोंडांतला विडा गिळिला. "उद्यांपासोन दप्तरीं या," ऐसें म्हणोन त्यांणीं कागद पुनः पंतांपुढें ठेविला. "आणि हें आतां नव्यानें लिहा. तुम्हांस जैसें सुचेल तैसें." पंतांनीं लिहिलें, 'गांव देणें नाहीं. एकही देणें नाहीं. तूं मात्र परत ये.' दिवाणसाहेबांनीं तें तीन वेळां वाचिलें, सबनिसांकडून दोन वेळां वाचविलें, आणि शिक्का मारिला.

पंत चार पावलें उलट्या पायीं आले, उंबरा नीट ओलांडिला, आणि बाहेर येऊन खांब धरोन उभे राहिले. सुभानजींनीं जोडे आणोन पंतांपुढें ठेविले, जें चोपदारानें तीस वर्षांत कोणा उमेदवारासाठीं केलें नव्हतें. घरीं सगुणाबाई दारांतच होत्या. त्यांणीं पुसिलें, "इकडून कांहीं बोलणें झालें नाहीं ना?" पंत म्हणाले, "बोललों, पण कोणास लागलें नाहीं." बाईंनीं त्यांचे तोंडाकडे पाहिलें, मग आंत गेल्या आणि गाठोड्यांच्या गांठी सोडूं लागल्या. गांठी घट्ट बसल्या होत्या, सुटतां सुटेनात, तेव्हां पंत जवळ बसले आणि दोघांनीं मिळोन दुपारपर्यंत त्या सोडविल्या.

पुढें भाचा पत्र वाचोन त्याच दिवशीं निघाला आणि गांव राहिले. पंतांनीं बावीस वर्षें चिटणिशी केली. परंतु त्या दिवसापासोन राज्यांत एक नवी वहिवाट पडली. कोणाही थोराचे हातून कांहीं चुकलें कीं तो शांतपणें म्हणे, "ही परीक्षा होती," आणि भोंवतालचे म्हणत, "आम्हीं ओळखिलेंच होतें." चुकीबद्दल शिक्षा बंद जाहल्या, कारण चूक सांपडेना. सारांश इतकाच कीं, उमेदवारानें मर्यादेनें कैसें वागावें हें त्या राज्यानें जगास दाखविलें, आणि त्या राज्यांत पुढें एकही चूक जाहली नाहीं. परीक्षा मात्र पुष्कळ जाहल्या, त्यांत दोन किल्ले आणि एक पूल गेला. बखर पुरी.